तबलजीचे हात किती लांब?

दिवाळीला घरात काहीतरी 'वाजते' आणावे ही हौस काही नवी नाही. आमच्या वडिलांच्या काळी ती रेडिओची होती, पुढे टेपरेकॉर्डरची झाली आणि आता ती दोन उभ्या पेट्यांची, म्हणजे स्टेरिओ स्पीकरची, झाली आहे. हौसेशी माझे भांडण नाही. चाळीस वर्षे मी कर्जतच्या बाजारात रेडिओ आणि टेप दुरुस्त करून संसार केला. लोकांना हौस नसती तर माझी चूल पेटली नसती. माझे भांडण आहे ते स्पीकर पारखण्याच्या रीतीशी. आमच्याकडे तांदूळ पारखायचा झाला तर बायका मूठभर दाणे घेऊन साधा भात शिजवून पाहतात. मसालेभातावरून तांदळाची परीक्षा करणाऱ्या बाईला कर्जत तालुक्यात कोणी शहाणी म्हणणार नाही. आमच्या गावी तर भाताचे संशोधन केंद्र आहे आणि 'कर्जत' याच नावाने भाताच्या जाती पेरल्या जातात. पण लाख-लाख रुपये मोजून स्पीकर घेणारे सद्गृहस्थ खुशाल मसालेभात खातात आणि "वा, काय तांदूळ आहे!" म्हणून मान डोलावतात.

मी हे ऐकीव सांगत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कर्जत-खालापूरच्या माळांवर, उल्हासच्या आणि पाताळगंगेच्या काठाने, मुंबई-पुण्याच्या मंडळींचे सुट्टीचे बंगले उभे राहिले. दुकान बंद केले तरी त्या बंगल्यांतून मला अजून तारा जोडायला बोलावणे येते. काम संपले की यजमान मोठ्या अगत्याने मधल्या खुर्चीवर बसवतात आणि म्हणतात, "काका, आता हे ऐका." मग ठरलेल्या चार-पाच चिजा निघतात. ईगल्स नावाच्या अमेरिकन मंडळींच्या १९९४ च्या कार्यक्रमातले 'हॉटेल कॅलिफोर्निया' असतेच. त्यात आरंभी श्रोत्यांचा कल्लोळ आहे आणि पोटात गडगडणारा एक ढोल आहे. तिच्या पाठोपाठ 'जॅझ ॲट द पॉनशॉप' ही स्टॉकहोमच्या एका लहानशा क्लबात १९७६ च्या डिसेंबरात मुद्रित केलेली तबकडी येते. तिच्यात ग्लासांची किणकिणसुद्धा ऐकू येते. यजमान डोळे मिटून विचारतात, "समोर बसलेली माणसे दिसतात की नाही?" मी "दिसतात" म्हणतो, कारण तोवर चहा आलेला असतो.

या तबकड्यांना मी नावे ठेवत नाही. त्या उत्तम आहेत, म्हणून तर जगभर परीक्षेला बसवल्या जातात. पण चहा संपल्यावर रस्त्याने येताना माझ्या मनात एक प्रश्न राहतो. माणसे बसलेली दिसतात हे खरे. ती जिथे बसली होती तिथेच दिसतात का? स्टॉकहोमच्या त्या क्लबात यजमान त्या रात्री नव्हते, मी नव्हतो, आणि ज्या दुकानदाराने त्यांना ही तबकडी भेट दिली तोही नव्हता. व्हायब्रफोनवाला डावीकडे होता की उजवीकडे, ढोल त्याच्या मागे चार हातांवर होता की आठ, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. ज्याने जागा पाहिलेलीच नाही अशा साक्षीदाराला कोर्टात उभे करून "घर कसे होते?" विचारावे, त्याने खुलून वर्णन करावे, आणि वर्णन गोड वाटले म्हणून निकाल त्याच्या बाजूने द्यावा, तसा हा प्रकार आहे.

स्टेरिओकडून आपण दोन गोष्टींची अपेक्षा करतो. पहिली, प्रत्येक आवाजाचा ठिकाणा कळावा; म्हणजे डोळे मिटून बोट दाखवता यावे की पेटी इथे वाजते आणि पखवाज तिथे. दुसरी, हे सगळे ठिकाणे मिळून एक बैठक जमावी. तिला रुंदी असावी, खोली असावी, पुढचा माणूस पुढे आणि मागचा मागे वाटावा. इंग्रजी मासिकांत यासाठी मोठे शब्द आहेत. आपल्याला 'ठिकाणा' आणि 'बैठक' हे दोन पुरेत.

हा ठिकाणा कानाला कळतो कसा? आपले दोन कान एकमेकांपासून वीतभर अंतरावर आहेत. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोचतो आणि जरा मोठा पोचतो. हा 'आधी' फारच थोडा असतो, सेकंदाच्या एक हजाराव्या भागाहूनही कमी, पण तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १९०७ सालीच याची उपपत्ती मांडली. आम्हां कर्जतकरांना ती शिकवावी लागत नाही. भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. पुण्याकडे चढणाऱ्या गाडीच्या शेपटाला आमच्या स्टेशनात बँकर इंजिने लावतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात. वंदे भारतसारख्या नव्या गाड्यांना हा टेकू लागत नाही, पण बाकीच्या पुष्कळ गाड्यांना अजून लागतो. पुढचे इंजिन शिटी देते, मागचे तिला उत्तर देते, आणि अंथरुणात पडलेला माणूस त्या दोन शिट्यांवरून गाडीचे तोंड कुठे आहे आणि शेपूट कुठे आहे ते सांगतो. मध्ये केवढी लांबी आहे हेही त्याला दिसते. हा कान परमेश्वराने सर्वांना दिला आहे. तो फक्त बंगल्याच्या दिवाणखान्यात शिरताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवला जातो.

ज्या माणसाने स्टेरिओ शोधला त्याने त्याची परीक्षा कशाने घेतली हे पाहण्यासारखे आहे. ॲलन ब्लमलाइन हा इंग्रज इंजिनिअर. बोलपटात नट पडद्याच्या एका टोकाला दिसतो आणि आवाज भलत्याच ठिकाणाहून येतो, हे त्याला खटकले. १९३१ च्या डिसेंबरात त्याने आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९३४ च्या जानेवारीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत टॉमस बीचम यांचा वाद्यवृंद मोझार्ट वाजवत असताना त्याचे दोन मार्गांनी मुद्रणही केले. पण त्याच्या कसोटीच्या मुद्रणांत गोड संगीतापेक्षा वेगळ्याच गोष्टी आहेत. माणसे मायक्रोफोनसमोर इकडून तिकडे चालत बोलत आहेत. आणि १९३५ सालच्या एका लहानशा फिल्ममध्ये हेज नावाच्या स्टेशनात आगगाड्या येत-जात आहेत. का? चालणारा माणूस डावीकडून उजवीकडे गेला हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. गाडी रुळावरूनच जाणार, ती मधूनच छपरावर चढणार नाही. उत्तर आधी ठाऊक असले तरच गणित तपासता येते. हा बुद्धिमान माणूस १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, रडारच्या चाचणीसाठी निघालेल्या विमानाच्या अपघातात गेला. आपल्या शोधाच्या तबकड्या बाजारात आलेल्या त्याने पाहिल्या नाहीत. त्या येईपर्यंत १९५८ साल उजाडले.

हेज स्टेशनाच्या जागी कर्जत स्टेशन घाला, काय अडते?

आता माझी पहिली कसोटी सांगतो. ती ऐकून बंगल्यांतले यजमान हमखास हसतात. स्टेरिओ स्पीकर पारखायला आधी मोनो मुद्रण लावावे. बालगंधर्वांची जुनी तबकडी लावावी, हिराबाई बडोदेकरांची लावावी. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणातले त्या काळचे एखादे गीत लावले तरी चालेल. मोनो म्हणजे दोन्ही पेट्यांतून अगदी एकच आवाज. मग तो आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मध्यावर, जिथे काहीही ठेवलेले नाही तिथे, एका मुठीएवढ्या जागेतून यायला हवा. गंधर्वांचा आवाज भिंतभर पसरला, किंवा एका पेटीकडे कलला, किंवा तान वर गेली की डावीकडे आणि खर्जात उतरली की उजवीकडे पळू लागला, तर दोष गंधर्वांचा नव्हे. एक पेटी भिंतीला खेटलेली असेल, दोन्ही पेट्यांची बनावट सारखी नसेल, किंवा तुमच्या खुर्चीपासून त्यांची अंतरे वेगळी असतील. आणि गाणारा मध्यावर उभाच राहीना, कुठूनच येत नाहीसा वाटू लागला, खर्जही पातळ झाला, तर एका पेटीच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या आहेत असे समजावे. हा दोष मी कितीतरी महागड्या बंगल्यांत काढला आहे. वर्ष-वर्ष ती मंडळी 'हॉटेल कॅलिफोर्निया' ऐकत होती आणि "काय पसरट आवाज आहे!" म्हणून पाहुण्यांना दाखवत होती.

जी कसोटी चुकीच्या तारांनाही पास करते तिला कसोटी काय म्हणायचे?

मुंबईतल्या एका दुकानात तर मी वेगळीच तऱ्हा पाहिली. नाव सांगत नाही. अशी दुकाने आणखीही असतील. गिऱ्हाइकाला दोन जोड्या ऐकवायच्या, आणि जी खपवायची ती किंचित मोठ्याने वाजवायची. मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त भरीव आणि जवळचा वाटतो. भाजीवाल्याने काट्यावर बोट ठेवले तर आपण भांडतो. इथे बोट ठेवलेले दिसत नाही, म्हणून आपण पिशवी भरून घरी येतो.

इतके झाल्यावर यजमान म्हणतात, "बरे, मोनो झाले. आता आपलेच काही स्टेरिओ लावू या. तबला लावू?" आणि इथे माझा खरा राग सुरू होतो.

अलीकडच्या पुष्कळशा मुद्रणांत तबल्याच्या दायाला एक मायक्रोफोन असतो, बायाला दुसरा. मुद्रण करणारे गृहस्थ दायाचा आवाज एका पेटीत टाकतात आणि बायाचा दुसऱ्या. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, हे कबूल. पण दोन पेट्यांमध्ये आठ फूट अंतर असेल तर त्या तबलजीचा एक हात भिंतीच्या या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला पडतो. असा तबलजी मी कर्जतच्या देवळात पाहिला नाही, मुंबईच्या मैफलीत पाहिला नाही, आणि समोर आला तर घाबरून उठेन. संतूरचेही तेच, मांडीवरचे वाद्य खाटेएवढे होते. गायकाचा एकच तानपुरा दोन्ही कानांत शिरतो. हे सगळे यंत्राच्या एका बटणाने होते: ते डावीकडे फिरवले की माणूस डावीकडे, उजवीकडे फिरवले की उजवीकडे. त्या माणसाने तिथे कधी बूड टेकलेलेच नसते.

याला मी खोटे म्हणत नाही, सजावट म्हणतो. १९७५ साली 'शोले' मिनर्व्हात स्टेरिओ आवाजात ऐकला तेव्हा माझ्या पिढीची पोरे त्या सजावटीवर लुब्ध झालीच की! आकाशकंदिलाने घर शोभते. पण घराचा पाया ओळंब्यात आहे की नाही ते आकाशकंदिलावरून कोणी बघत नाही. जुन्या मोनो गाण्यांचा खर्ज एकीकडे आणि तारेचे सूर दुसरीकडे ढकलून ती 'स्टेरिओ' म्हणून विकण्याचा उद्योग परदेशी कंपन्यांनी १९६० च्या दशकात केला. आपल्याकडे पुढे जुन्या गाण्यांवर झंकाराचे ठोके चढवले गेले. ते मात्र मी खोटेच म्हणतो.

माणूस जिथे बसला तिथे त्याला राहू देणारी मुद्रणेही आहेत. पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहन वीणा आणि राय कूडर यांचे गिटार अशी एक जोडी १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रार्थनामंदिरात बसली. ब्लमलाइनच्याच रीतीने, दोन मायक्रोफोन एका जागी काटकोनात लावून, त्यांचे वादन टिपले गेले. 'अ मीटिंग बाय द रिव्हर' हे त्याचे नाव, आणि १९९४ साली त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्यात दोन वाद्ये दोन माणसांएवढीच आहेत आणि मागे त्या खोलीची हवा आहे. दुसरी आपल्या घरोघरी असलेली तबकडी १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली': शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांचे गिटार. ही स्टुडिओतली कामगिरी आहे, तरी तीन वाद्यांचे तीन स्वभाव इतके वेगळे आहेत की तुमच्या पेट्यांवर ती एकमेकांच्या मांडीवर बसली तर दोष चटकन कळतो. ज्यांना विकतची तबकडीच हवी त्यांनी या दोन घ्याव्यात.

इथे दुसऱ्या बाजूचे एक विद्वान मला नेहमी अडवतात. ते म्हणतात, "आपले संगीत एकसुरी धारेचे आहे. त्याला स्टेरिओची गरजच काय? ती पाश्चात्त्यांच्या शंभर वाद्यांची सोय." हे बोलणे भारदस्त आहे आणि साफ चुकीचे आहे. ख्यालगायक बसतो तेव्हा मागे दोन तानपुरे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी किंवा सारंगी, ही काय अडगळ मांडलेली असते? मागचे दोन तानपुरे गायकाच्या पाठीशी सुरांची भिंत उभी करतात आणि गायक त्या भिंतीपुढे बसून गातो. दोन हात पुढे बसून गातो, हे महत्त्वाचे. आणि वारकरी कीर्तन पाहा. कीर्तनकार पुढे, त्यांच्यामागे वीणेकरी, बाजूला मृदंग, आणि मागे टाळकऱ्यांची रांग. कीर्तनकारांनी अभंगाचा चरण सोडला की रांगेने तो उचलायचा. आवाज पुढून मागे जातो, मागून पुढे येतो. शेकडो वर्षे ही मांडणी पक्की आहे. यापेक्षा मोठी बैठक ब्लमलाइनलाही मिळाली नसती.

म्हणून माझी दुसरी आणि शेवटची कसोटी कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती खालापूर तालुक्यातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात मी सहा वर्षांपूर्वी मुद्रित केली. कोजागिरीपासून कार्तिकापर्यंत गावोगाव पहाटेचा काकडा चालतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्या गावचे विठ्ठलाचे देऊळ लहान आहे. चार लाकडी खांब, वर कौले, खाली शहाबादी फरशी. दोन मायक्रोफोनांचे हाताएवढे यंत्र मी एका स्टुलावर, बायका बसतात त्या जागी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवले. एवढीच तयारी. देवळाचा कर्णा त्या पहाटेपुरता बंद ठेवायला गावाला राजी करण्यात मात्र माझे दोन दिवस गेले. कर्ण्यावाचून देव उठणार नाही अशी तिथल्या तरुण मंडळींची समजूत होती. माझ्या पुतण्याने वहीच्या पानावर देवळाचा नकाशा काढला आणि कोण कुठे बसले ते मांडले: बुवा पेटीवर, त्यांच्या उजव्या हाताला पखवाज, अकरा टाळकरी, मागच्या डाव्या खांबाला टेकून एक म्हातारे झांजवाले, आणि दाराजवळ एक खोकणारे मूल.

ते पान माझ्याकडे आहे, आणि हीच माझी परीक्षेची उत्तरपत्रिका. ज्याचे स्पीकर तपासायचे त्याच्या घरी मी हे मुद्रण लावतो. त्या देवळात कधीच न गेलेल्या माणसाच्या, शक्यतो घरातल्या मुलाच्या, हाती कोरा कागद देतो आणि "कोण कुठे बसले आहे ते मांड" म्हणतो. मग दोन्ही कागद शेजारी ठेवतो. मुले हे खेळासारखे करतात आणि मोठ्यांपेक्षा चांगले करतात. चांगल्या पेट्यांवर अकरा टाळ एकमेकांपासून सुटे राहतात, पखवाज पेटीच्या शेजारी राहतो, मूल दाराशी खोकते. एका बंगल्यात, त्यांच्या मोटारीएवढी किंमत असलेल्या स्पीकरवर, अकरा टाळांचा एक मोठा पत्रा झाला आणि मूल बुवांच्या मांडीवर येऊन खोकले. यजमानांचा चेहरा उतरला. "काका, पण भजनाची टेप कोण ऐकणार आहे इथे?" ते म्हणाले. मी म्हटले, "साहेब, ऐकू नका. पण तुमच्या स्पीकरला अकरा माणसे मोजता येत नाहीत, एवढे लक्षात असू द्या."

ते खांबाजवळचे म्हातारे मुद्रणानंतर दोन वर्षांनी वारले. त्यांची झांज सगळ्यांच्या मागून, किंचित उशिरा पडायची. गावात त्यावरून थट्टा व्हायची. त्या वर्षी भाऊबीजेला त्यांचा मुलगा आईला घेऊन माझ्या घरी आला. आजींना मी मधल्या खुर्चीवर बसवले आणि काही न सांगता मुद्रण लावले. थोडा वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि डाव्या पेटीच्या जरा आत, भिंतीच्याही पलीकडे वाटावे अशा जागी हात करून म्हणाल्या, "हे मागं बसल्यात. खांबापाशी." पुतण्याचे पान मी त्यांना दाखवले नाही, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि तशी गरजही नव्हती. गाणे संपेपर्यंत त्या तिकडेच पाहत होत्या.

माझा हट्ट कशासाठी आहे ते यावरून कळावे. त्याच गावातल्या त्याच काकड्याची दहा-वीस मुद्रणे लोकांच्या फोनमध्ये आहेत. सगळी कर्ण्यासमोर धरून केलेली. भजनाच्या स्पर्धांत 'एको'चे यंत्र लावतात, त्यामुळे एका टाळाचे सात टाळ होतात आणि बुवा विहिरीत बसून गातात असे वाटते. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या पेट्यांविषयी तर बोलायलाच नको. उद्या ही पिढी गेल्यावर गावाचा आवाज म्हणून हेच शिल्लक राहणार: कोण कुठे बसले होते, किती जण होते, झांज उशिरा कोणाची पडत होती, यातले काहीही त्यात सापडणार नाही. आपल्याकडे चांगल्या आवाजाची पारख नाही असे नाही. ती पारख आपण स्टॉकहोमच्या क्लबावर खर्च करतो आणि शेजारच्या देवळाला फोन पुरतो म्हणतो. बंगल्यातल्या त्या साहेबांनी स्पीकरला जोडायच्या नुसत्या तारेला जेवढे पैसे मोजले, तेवढ्यात माझ्या यंत्रासारखी चार यंत्रे येतात. एक तालुक्याच्या प्रत्येक मोठ्या गावी ठेवावे, असे मी त्यांना सुचवले. ते म्हणाले, विचार करतो.

घरच्या गोष्टीही दोन सांगून टाकतो. तुमचे दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हावा. पेट्या भिंतीपासून दोन हात पुढे आणाव्यात. गृहिणीची तक्रार येईल, ती ऐकून घ्यावी, पण ऐकण्यापुरत्या तरी पुढे आणाव्यात. नव्या घरांत गुळगुळीत फरशी आणि बाजूला मोठमोठ्या काचा असतात. त्यांवर आपटून आलेला आवाज मूळ आवाजाच्या पाठोपाठ कानात शिरतो आणि ठिकाणा पुसून टाकतो. यावर परदेशी फेसाच्या फळ्या विकत मिळतात. मी मधे एक सतरंजी अंथरतो आणि बाजूच्या काचेवर आईच्या हातची जुनी गोधडी टांगतो. फरक कोणालाही ऐकू येतो. आणि ज्यांच्या घरी एकच गोल डबीसारखा स्पीकर आहे त्यांनी या सगळ्या भानगडीत न पडता खुशाल गाणी ऐकावीत. एका डबीतून ठिकाणा निघत नाही, तो निघतो असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत, इतकेच.

माझ्याजवळ आता पाच गावांची मुद्रणे झाली आहेत आणि पाचही नकाशांची पाने. कर्जत स्टेशनच्या फलाटाचे एक आहे; त्यात गाडीच्या तोंडाची शिटी उजवीकडे आणि बँकरची डावीकडे आहे, आणि मधून वडापाववाला डावीकडून उजवीकडे ओरडत जातो. यंदाही त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत मी पहाटे कोठे ना कोठे असेन. ज्यांना स्पीकर तपासून हवे असतील त्यांनी पौर्णिमेनंतर, दुपारच्या वेळी यावे, आणि बरोबर आठ-दहा वर्षांचे एखादे पोर आणावे. पावसाळ्यात मात्र येऊ नये. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि माझ्या घरावर पत्रा आहे.